समुद्राच्या बाजूला दिवा लावू नकोस

गुहागर, खालचा पाट
त्रिपुरी पौर्णिमा

चि. मुक्ता हिस,
काकूचे अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली ड्रॉइंगं मिळाली. फोनवर काही नीट दिसेना, म्हणून तुझ्या काकांनी बाजारात जाऊन ती मोठ्या कागदावर छापून आणली. दोन दिवस घरात दुसरा विषय नाही. कुठे खोल्या, कुठे ओटा, कुठे गाड्या लावायच्या, सगळं काकांनी मला बोट ठेवून ठेवून दाखवलं. मी फोनच करणार होते, पण फोनवर तू ‘हो काकू, हो काकू’ करतेस आणि माझं निम्मं बोलणं राहून जातं. म्हणून म्हटलं, लिहूनच काढावं. कागद समोर असला की तो पुन्हा वाचता येतो.

आधी चांगलं ते सांगते. मस्कतला इतकी वर्षं काढून तुम्हा दोघांना गावाची ओढ आहे, वाडी विकायचं मनात न आणता तिच्यावर काही उभं करावंसं वाटतं, याचा मला फार आनंद झाला. आजूबाजूच्या किती वाड्या परक्या हातात गेल्या ते तुला ठाऊक आहे. नारळ-सुपारीवर आता घर चालत नाही. पाडेली मिळत नाही, मिळाला तर माडामागे जे मागतो ते दिल्यावर हातात काय उरतं ते विचारू नकोस. तेव्हा होमस्टे काढा, चार पाहुणे येऊ देत, माझ्या हातच्या घावन्यांना मोल येऊ दे. माझी ना नाही.

पण बाय, त्या कागदावर समुद्राच्या बाजूला मोठाले फ्लडलाइट दाखवलेत, माडांच्या खोडांना दिव्यांच्या माळा गुंडाळल्यात आणि ओट्यावर रात्रभर जळणारी रोषणाई आहे. ती पाहिल्यापासून माझं मन लागत नाही. बाकी सगळ्यावर आपण बोलू, पण हे आधी.

तू दहावीत होतीस तेव्हाची ती रात्र आठव. शिमग्याच्या आधीचे दिवस होते. काका तुला उठवून पुळणीवर घेऊन गेले होते आणि मी मागोमाग शाल घेऊन आले होते. कासवीण ओहोटीच्या ओल्या वाळूतून कोरड्या वाळूत चढली. थांबत थांबत, दर थोड्या वेळानं जोरानं श्वास सोडत. मग मागच्या पायांनी खड्डा उकरायला लागली. एक पाय आत घालायचा, पंज्यात मावेल तेवढी वाळू अलगद बाहेर आणायची, बाजूला ठेवायची, मग दुसरा पाय. डोळ्यांनी काही दिसत नसताना खाली रुंद आणि वर अरुंद असा दीड फुटाचा खड्डा तिनं तयार केला. मग अंडी, पिंगपाँगच्या चेंडूंसारखी, दोन-दोन, तीन-तीन करत शंभराच्या वर. तू मोजत होतीस आणि मध्येच चुकलीस. शेवटी वाळू लोटून अंग आपटून तिनं ती जागा दाबली आणि मागं न बघता पाण्यात गेली. तू मला विचारलंस, ‘काकू, ती पिल्लांना बघायला परत येत नाही?’ येत नाही गो. पुढं सगळं त्या वाळूच्या उबेवर. पंचेचाळीस-पंचावन्न दिवसांनी पिल्लं वर येतात ती बहुतेक रात्री किंवा पहाटे, आणि त्यांना वाट दाखवायला कुणी नसतं.

वाट दाखवतो तो उजेडच. अंधाऱ्या किनाऱ्यावर झाडांची रांग काळी दिसते आणि पाण्याकडची बाजू त्यामानानं उजळ असते. पिल्लू काळोखाकडे पाठ करून उजळ बाजूला धावतं, म्हणजे समुद्रात पोचतं. लाखो वर्षं हा हिशेब बरोबर येत होता. आता जमिनीच्या बाजूनं आपण दिवा लावला की त्याचा हिशेब उलटतो.

ते कसं उलटतं हे मी गेल्या मार्चमध्ये पाहिलं. एक घरटं पुळणीवर घरटी राखणाऱ्या कासवमित्रांच्या नजरेतून सुटलं होतं, म्हणून जागच्या जागी राहिलं. थोड्या अंतरावर एका लॉजनं अंगणात नवा हॅलोजन लावला होता. सकाळी फिरायला गेले तर वाळूवर बारीक बारीक माग, सगळे जमिनीकडे गेलेले. मागाबरोबर चालत गेले. मर्यादवेलीच्या जाळीत काही पिल्लं अडकून वाळली होती, काही कावळ्यांनी नेली असावीत, कारण माग मध्येच संपत होते. एक तर चक्क त्या लॉजच्या फरशीवर, दिव्याच्या खांबाशी. जिवंत होतं. पायांत जोर नव्हता, पण पाय हलवणं थांबवत नव्हतं. कासवमित्राला हाक मारून त्याच्या हवाली केलं. लॉजवाला वाईट माणूस नाही. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. तुला मी सांगते आहे, म्हणून तुला ती सबब नाही.

अभ्यासक सांगतात, हजार पिल्लांतलं एखादंच मोठं होऊन अंडी घालण्याइतकं जगतं. खेकडे, कोल्हे, कुत्री, घारी, मासे, सगळ्यांचा वाटा त्यात आहे आणि तो त्यांनी घ्यावा. आपल्या दिव्याचा वाटा मात्र त्यात कधी नव्हता.

तुझ्या लहानपणी वेळासचं नाव कुणी फारसं घेत नव्हतं. मंडणगड तालुक्यातलं बाणकोटजवळचं गाव, नाना फडणवीसांचं म्हणून काय ते माहीत. तिथं आणि आपल्या अख्ख्या किनाऱ्यावर कासवाची अंडी लोक उकरून नेत, खात, विकत. आपल्या गावातही नेत. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रच्या भाऊ काटदरेंनी आणि त्यांच्या माणसांनी वेळासच्या लोकांना हाताशी धरून घरटी राखायला सुरुवात केली. पहाटे माग शोधायचा, काठीनं वाळू चाचपायची, पोकळ लागली की अंडी हातानं काढून कुंपणातल्या तितक्याच खोल खड्ड्यात ठेवायची. पिल्लं निघायचे दिवस आले की वर टोपली पालथी घालायची आणि सकाळ-संध्याकाळ ती उचलून बघायची. पुढं कासव महोत्सव सुरू झाला आणि शहरातले लोक यायला लागले. राहायचे कुठं? गावातल्याच घरांत. जेवायचे काय? त्या घरात शिजेल ते. जी माणसं अंडी नेत होती त्यांच्यातलीच काही घरटी राखू लागली, कारण राखण्यात त्यांचा संसार चालायला लागला. आता वनखात्याचा कांदळवन कक्षही यात आहे आणि आपल्या गुहागरच्या पुळणीवर दर हंगामात अशीच कुंपणाची हॅचरी होते.

हे तुला एवढ्यासाठी सांगते की तू म्हणशील, ‘काकू, पाहुण्यांना रोषणाई लागते, तिच्याशिवाय फोटो चांगले येत नाहीत.’ वेळासला मुंबई-पुण्याहून लोक पाच-सहा तास गाडी हाकत येतात ते काळोखातल्या त्या चिमूटभर जिवासाठी येतात. रोषणाई त्यांच्या घराखालच्या हॉटेलात असते. तू अंधार राखलास तर तेच तुझ्या होमस्टेचं वैशिष्ट्य होईल. धंद्याचं मला कळत नाही असं काका म्हणतात, पण एवढं कळतं.

आणि ही कासवं काही आपल्या पुळणीपुरती नाहीत हो. २०२३ साली आपल्याकडे दोन कासविणींच्या पाठीवर उपग्रहाचं यंत्र बसवलं होतं, एकीचं नाव गुहा, दुसरीचं बागेश्री. ही बागेश्री केरळ, कन्याकुमारी ओलांडून श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. आणि २०२५ च्या जानेवारीत उलटा प्रकार झाला. आपल्या किनाऱ्यावर अंडी घालायला आलेल्या एका कासविणीच्या पायाला धातूचा बिल्ला सापडला, तो २०२१ साली ओडिशात लावलेला होता. म्हणजे ही बाई अख्ख्या भारताला वळसा घालून आली. त्यानंतर काका जो भेटेल त्याला ही गोष्ट सांगतात. एवढ्या लांबून आलेल्या माहेरवाशिणीला दारात फ्लडलाइट दाखवून परत पाठवायचं का, तूच सांग. उजेड आणि वर्दळ असली की कासवीण अर्ध्या वाटेवरून अंडी न घालता माघारी फिरते, हे कासवमित्रांनी कितीदा पाहिलंय.

दिव्यांशी माझं वैर नाही. आत्ताच देवळात त्रिपूर पाजळून आले, वाती मीच वळल्या होत्या. दिवा लाव, पण कुठं, कसा, केव्हा ते ऐक. समुद्राकडे तोंड असलेला एकही दिवा नको. पायवाटेला गुडघ्याएवढ्या उंचीचे, वरून झाकलेले, उजेड खाली पायाशीच पडेल असे दिवे घे. पांढराशुभ्र आणि निळसर नको, पिवळट-तांबडा घे, त्यानं कासवांना त्रास त्यामानानं कमी होतो. माणूस आलं की लागेल आणि गेलं की विझेल असं ते सेन्सरचं बटण मिळतं म्हणे, ते बसव. समुद्राच्या बाजूच्या खिडक्यांना जाड पडदे. नोव्हेंबर ते मे तर हे सगळं कडक पाळायचं. पाहुण्यांना पहिल्याच दिवशी चहा देताना सांगायचं की रात्री पुळणीवर मोबाइलची बॅटरी नाही, फोटोला फ्लॅश नाही, पिल्लाला हात नाही. पाटी लावून भागत नाही, पाटी कुणी वाचत नाही. तोंडानं सांगावं, आणि हसून सांगावं.

तू जिथं आहेस तिथलंच बघ ना. ओमानमध्ये रास अल हद्दचं कासवांचं राखीव क्षेत्र १९९६ सालापासून आहे, त्यातल्या रास अल जिन्झला हिरवी कासवं अंडी घालतात. तिथं रात्री वाटाड्यांबरोबरच किनाऱ्यावर जाता येतं. जावईबापूंना घेऊन एकदा जाऊन ये. ते लोक पाहुण्यांना कसं नेतात, कुठं थांबवतात, किती उजेड वापरतात ते नीट बघ आणि मला कळव. एवढ्या श्रीमंत देशाला तिथं रोषणाई करणं काही अवघड नव्हतं.

आता बाकीचं. पुढच्या बाजूचा जांभ्याचा गडगा पाडून तिथं काँक्रीटची भिंत दाखवली आहेस. मामंजी म्हणत, वाळूला अडवायला जाऊ नये, ती दुसरीकडून घेते. भिंतीवर लाट आपटली की ती पायथ्याची वाळू ओढून नेते, हे जिथं जिथं धूपबंधारे झालेत तिथं बघ. पुळण अरुंद झाली की कासविणीला भरतीच्या पाण्यावर चढून जायला कोरडी जागा उरत नाही. वाळू धरून ठेवते ती मर्यादवेल आणि केवड्याची बेटं. ड्रॉइंगमध्ये तिथं हिरवळ लावली आहेस. खाऱ्या वाऱ्यात ती हिरवळ जगवायला रोज किती पाणी लागेल? वेल आहे तशी राहू दे, जांभळी फुलं येतात, फोटोही छान येतात.

शिवाय भरतीरेषेपासून किती अंतरावर काय बांधता येतं याचे सीआरझेडचे नियम १९९१ पासून आहेत. २०११ ला बदलले, २०१९ ला पुन्हा बदलले, पण कासवांच्या अंडी घालायच्या जागा सगळ्यात कडक वर्गातच आहेत. ‘सगळे बांधतात, आपण का नाही’ असं कुणी एजंट सांगेल. त्याचं ऐकून पैसे अडकवू नकोस. आधी कागद, मग पाया.

पोहण्याचा तलाव तर मी काकांना पेन्सिलीनं खोडायलाच लावला. हसू नकोस. आपल्या विहिरीचं गोडं पाणी म्हणजे खाऱ्या पाण्यावर तरंगणारा पातळ थर. पंप लावून उपसत सुटलं की खालचं खारं वर चढतं आणि विहीर मचूळ होते. एकदा मचूळ झाली की पोफळी पिवळ्या पडायला लागतात आणि नुसत्या हळहळीनं त्या हिरव्या होत नाहीत. शंभर पावलांवर अख्खा समुद्र असताना तलाव कशाला? न्हाणीचं आणि भांड्यांचं पाणी पूर्वीसारखं अळू-केळीला सोड. शोषखड्डा विहिरीपासून लांब घे. सोडणं, झाप, ओला कचरा वाडीतच जिरू दे. प्लॅस्टिकच्या बाटल्या ठेवूच नकोस, माठ आणि तांब्या ठेव. कासवं जेलीफिश खातात आणि पाण्यात तरंगणारी पिशवी त्यांना तशीच दिसते, हे तुला शाळेत शिकवलं असेल. पण आपल्या घरातून गेलेली पिशवी पावसाच्या पहिल्या लोंढ्यात पऱ्ह्यातून थेट समुद्रात जाते, हे शाळेत शिकवत नाहीत.

आणि गाड्या लावायला म्हणून टोकाचा जुना आंबा तोडायचा दिसतोय. तो मुळीच नाही. त्यावर पांढऱ्या पोटाच्या समुद्री गरुडाचं घरटं आहे. ती जोडी दरवर्षी त्याच काटक्यांवर नव्या काटक्या रचते. परवाच खाली समुद्रसापाचा अर्धा सांगाडा पडला होता, म्हणजे मंडळी आली आहेत. गाड्या रस्त्याच्या बाजूला लावा, पाहुणे चार पावलं चालतील.

पाहुण्यांना काय खायला घालायचं तेही ठरव. मामंजींच्या वेळी नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिल्याशिवाय होडी पाण्यात जात नव्हती. आता सरकारची पावसाळ्यातली मासेमारी बंदी आहे, पण कायद्याआधी ती रीत होती. त्या दिवसांत ताज्या मासळीचा आग्रह धरणाऱ्या पाहुण्याला सुकटीची चटणी आणि कुळथाचं पिठलं वाढ, खूश होईल. तळहाताहून लहान पापलेट कितीही स्वस्त मिळालं तरी घ्यायचं नाही. २०२३ साली पापलेटला राज्यमासा केलं ते काय छोट्या पिल्लांची ताटं वाढायला? जाळ्यात कासव सापडलं तर जाळं कापून सोडणाऱ्या कोळ्याला २०१८ पासून पंचवीस हजारांपर्यंत भरपाई मिळते. आपल्याकडे मासळी देणाऱ्याला हे ठाऊक आहे ना, ते विचारत जा. आणि थंडीत कुरव आले की पाहुणे त्यांना फरसाण टाकतात, ते टाकू देऊ नकोस. तळलेलं बेसन खायला ते एवढ्या लांबून येत नाहीत.

फार लिहिलं का? तू लहानपणापासून मनात आलेली गोष्ट करूनच सोडतेस, म्हणून मला काळजी. कर्ज काढणार आहेस, हप्ते डोक्यावर असतील आणि एखाद्या सुट्टीच्या हंगामात कुणीतरी म्हणेल, ‘मॅडम, समोर दोन मोठे दिवे टाका, खोली दुप्पट भाड्यानं जाईल.’ त्या दिवशी मी जवळ असेनच असं नाही. तेव्हा आत्ताच ठरवून ठेव. हप्ता चुकू लागला तर मला सांग, काकांना सांग, पोफळी गहाण टाकू, पण तो दिवा लावू नकोस.

इकडं सगळं ठीक. काकांचा गुडघा पावसाळ्यापेक्षा बरा. मनीला तीन पिल्लं झाली, मांगरात सोडणांवर घातली आहेत, म्हणून बंब पेटवायला सोडणं मिळत नाहीत. आंब्याला पालवी फार आली, मोहोर उशिरा येणार असं दिसतं. हॅचरीची जाळी बांधायला पुढच्या आठवड्यात पोरं येतील, त्यांचा चहा आपल्याकडे असतो. त्यांच्यातल्या जाणत्याला मी तुझी ड्रॉइंगं दाखवणार आहे. त्याच्या खुणा करून परत पाठवते. राग मानू नकोस, तुझ्या इंजिनिअरपेक्षा ही पुळण त्याला जास्त ठाऊक आहे. दिवे बदललेलं नवं ड्रॉइंग आलं की काका पायाचा मुहूर्त बघतील.

जावईबापूंना आशीर्वाद. डोक्याला तेल लावत जा, फोटोत केस फार रुक्ष दिसतात.

तुझी,
काकू

ता.क. मस्कतला परतणाऱ्या शेजारच्या मुलाबरोबर आमसुलं, कुळथाचं पीठ आणि सांडगे पाठवते आहे. स्टीलच्या डब्यांत भरलेत, मुद्दाम प्लॅस्टिकची पिशवी घातली नाही. डबे मे महिन्यात येताना परत आण, आणि येशील तेव्हा बॅगेत तांबडी बॅटरी असू दे.